खाटेवरच्या माणसाला किती लागतं?

"डॉक्टर, एक बाटली तरी लावा. अंगात काही राहिलंच नाही त्यांच्या."

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात कुठल्याही दवाखान्यात तासभर बसलं, तर ही विनवणी एकदा तरी कानावर पडतेच. म्हसावदकडून आलेला मजूर असो की प्रकाशाकडचा बागायतदार, बाटलीवरची श्रद्धा दोघांची सारखीच. तेव्हा या प्रकरणाची सुरुवात त्या बाटलीच्या हिशेबानेच करू.

लोक जिला ग्लुकोजची बाटली म्हणतात, ती बहुधा पाच टक्के डेक्स्ट्रोजची असते. ५०० मिलीच्या बाटलीत ग्लुकोज २५ ग्रॅम. शिरेतून दिल्या जाणाऱ्या ग्लुकोजच्या प्रत्येक ग्रॅममधून ३.४ कॅलरी मिळतात, म्हणजे अख्ख्या बाटलीतून ८५. शहादा तालुक्यातल्या बागेतलं एक मध्यम केळं साधारण तेवढंच देतं, थोडं जास्तच. साध्या सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या बाटलीत, एकही कॅलरी नसते. माणसाचा दिवसाचा १,५०० कॅलरींचा खर्च निव्वळ डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांनी भागवायचा, तर जवळजवळ नऊ लिटर पाणी शिरेतून चढवावं लागेल. एवढ्या पाण्याने रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साठेल.

जुलाबाने सुकलेल्या, रक्तदाब कोसळलेल्या माणसाचा जीव बाटली वाचवते, यात शंका नाही. पण ते काम पाण्याचं आणि क्षारांचं आहे. अन्नाचा हिशेब वेगळा. तो करायला बसलं की पहिला प्रश्न येतो: खाटेवर निजून असलेल्या माणसाला दिवसाला लागतं तरी किती?

बॉस्टनची मोजदाद

निपचित पडलेला माणूसही खर्च करत असतो. हृदय चालतं, श्वास चालतो, मूत्रपिंडं गाळत राहतात, मेंदू जागा असो वा झोपलेला, आपला वाटा घेतोच. हे सगळं एका संथ ज्वलनावर चालतं, हे फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि त्याचा सहकारी सेग्वँ यांनी १७९० च्या सुमारास दाखवलं. माणूस किती प्राणवायू ओढतो हे त्यांनी मोजलं. जेवल्यावर, थंडीत आणि श्रम करताना तो वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

आजही सर्वांत भरवशाची मोजणी तीच आहे. आत घेतलेला प्राणवायू आणि बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा आणि १९४९ मध्ये वीअर यांनी मांडलेल्या सूत्राने त्याच्या कॅलरी करायच्या. एक लिटर प्राणवायू जळला की साधारण ४.८ कॅलरी. विश्रांतीत पडलेला धडधाकट प्रौढ मिनिटाला पाव लिटर प्राणवायू वापरतो, म्हणजे दिवसाला ३६० लिटर, म्हणजे सुमारे १,७०० कॅलरी.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, नंदुरबार जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते वेळेआधी उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांमुळे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेतच ती तयारी सुरू केली होती. त्या काळात मास्कमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर ऑक्सिजन सोडला जाई. शरीर प्रत्यक्षात जाळतं ते त्यातलं पाव-अर्धा लिटर. बाकीची धडपड तेवढं रक्तापर्यंत पोचावं यासाठी. अन्नाचा हिशेब या जळालेल्या पाव लिटरवर उभा असतो.

मात्र तो पाव लिटर मोजणारं यंत्र महाग असतं. ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या अतिदक्षता विभागांतच आढळतं. रुग्णाला साठ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन द्यावा लागत असेल किंवा नळीच्या बाजूने हवा निसटत असेल, तर तेही चुकतं. मग उरतात सूत्रं.

सर्वांत प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं. फ्रान्सिस बेनेडिक्ट हे बॉस्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख, तर आर्थर हॅरिस संख्याशास्त्रात मुरलेले. १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या मोजण्यांवरून त्यांनी १९१९ मध्ये सूत्र मांडलं. वजन, उंची, वय आणि लिंग घातलं की पूर्ण विश्रांतीतला खर्च निघतो. शंभर वर्षं उलटली तरी जगभरच्या वॉर्डांत ते वापरलं जातं.

पण ज्यांच्यावरून ते काढलं ती सगळी निरोगी अमेरिकन माणसं होती. पुढे आलेल्या शोफिल्ड यांच्या सूत्राने भारतीयांचा खर्च वास्तवापेक्षा जास्त निघतो, हे बंगळुरूच्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं. सातपुड्यातला ताप भरलेला, हाडं वर आलेला माणूस यांपैकी कुठल्याच मोजणीत नव्हता.

वजन कोणतं धरायचं?

एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ४५, उंची १६० सेंमी, वजन ३८ किलो. ऊसतोडीला गुजरातेत गेला होता, तिथे खोकला सुरू झाला, दोन महिने अंगावर काढला आणि आता क्षयरोगाचं निदान होऊन दाखल झाला आहे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा त्याचा बीएमआय १४.८ भरतो. आपल्या भागात असा रुग्ण अपवाद नाही. छत्तीसगडच्या ग्रामीण भागातल्या क्षयरुग्णांचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान झालं त्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन ४२ किलो आणि स्त्रियांचं ३४ किलो होतं. स्त्रियांचा मध्यक बीएमआय होता १५.

आपल्या रुग्णासाठी हॅरिस-बेनेडिक्ट सूत्राचं उत्तर येतं दिवसाला सुमारे १,०८५ कॅलरी. वॉर्डात मात्र डॉक्टर तोंडी हिशेबाने काम भागवतात: दर किलोला २५ ते ३० कॅलरी. ३८ किलोला ९५० ते १,१४०. दोन्ही उत्तरं जवळपास एकच.

तरीही हा सगळा डोलारा ३८ या आकड्यावर उभा आहे आणि नेमका तोच आकडा अनेकदा खोटा असतो. पायावर सूज असेल, पोटात पाणी असेल, दोन दिवस सलाईन चाललेलं असेल, तर काटा पाण्याचंही वजन दाखवतो. रुग्ण उभाच राहू शकत नसेल तर काटाच निरुपयोगी. मग नातेवाइकांना विचारायचं: आधी वजन किती होतं? चोळी-सदरा सैल झालाय का? अंगठी बोटातून निसटते का? कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. दंडाचा घेर २३.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर प्रौढ माणसाचा बीएमआय बहुधा २० च्या खाली असतो. दोन-पाच रुपयांची मोजपट्टी इथे महागड्या काट्यापेक्षा जास्त खरं बोलते, कारण दंडावर सूज उशिरा येते.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं की 'प्रथिनं कमी पडताहेत' असं सांगून डबे विकत घ्यायला लावायची चाल आहे. जंतुसंसर्ग किंवा मोठी इजा झाली की यकृत आपलं काम दुसरीकडे वळवतं आणि रक्तवाहिन्यांतून अल्ब्युमिन झिरपतं. त्यामुळे जेवणात काहीही कमी नसताना ते दोन दिवसांत खाली येऊ शकतं. ते आजाराची तीव्रता सांगतं. ताटात काय वाढायचं हे त्यावरून ठरत नाही.

गुणाकाराचा मोह

आजारपणात खर्च वाढतो, हे खरं आहे. ताप दर अंश सेल्सियसला दहा ते तेरा टक्के खर्च वाढवतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही विश्रांतीतला खर्च जास्त असतो, कारण तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि मज्जा सतत नव्या बनवत राहते. ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात पाय मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. मोडक्या हाडाच्या मानाने कितीतरी जास्त नायट्रोजन बाहेर पडत होता. शरीर सगळ्या अंगाचे स्नायू मोडून दुरुस्तीचा माल पुरवत होतं. एक ग्रॅम नायट्रोजन गेला की साधारण ३० ग्रॅम मांस गेलं. गंभीर रुग्णाचे दिवसाला २० ग्रॅमही जाऊ शकतात, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त मांस.

ही झीज भरून काढायला डॉक्टरांनी गुणाकार सुरू केला. १९७९ मध्ये लाँग आणि सहकाऱ्यांनी गुणक दिले: छोटी शस्त्रक्रिया १.२, हाडांची मोठी इजा १.३५, मोठा जंतुसंसर्ग १.६, गंभीर भाजणं २.१. शिवाय खाटेवरच्या हालचालीसाठी आणखी १.२. आपल्या ३८ किलोच्या रुग्णाला मोठा जंतुसंसर्ग धरून हे गुणक लावले, तर १,०८५ चे होतात सुमारे २,०८०.

शरीर झिजतंय ना, मग भरपूर घाला, असा हा सरळ विचार. त्याच सुमारास शिरेतून संपूर्ण आहार देण्याचं तंत्र रुळलं होतं आणि त्याचं नावच 'अतिपोषण' असं पडलं होतं. या भरपूर घालण्याने साखर वाढली, यकृतात चरबी साठली, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताना थकलेली फुप्फुसं आणखी थकली. आणि स्नायूंची झीज? ती फारशी थांबली नाही. आजाराचा भर असेतो शरीर स्वतःचं मांस मोडतंच. बाहेरून कितीही ओतलं तरी ते पूर्ण थांबत नाही.

गरज एक, झेपेल ते दुसरं

आता आपल्या रुग्णाकडे परत येऊ. त्याची 'गरज' एका हिशेबाने १,०८५, दुसऱ्याने २,०८०. पण पहिल्या दिवशी त्याला सुरक्षितपणे द्यायचं किती? बीएमआय १६ च्या खाली आणि बरेच दिवस धड न जेवलेला, अशा माणसासाठी ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००६ मध्ये घालून दिलेला नियम आहे: दर किलोला १० कॅलरींपासून सुरुवात. म्हणजे ३८०. बीएमआय १४ च्या खाली असता तर दर किलोला अवघ्या पाच.

३८० कॅलरी म्हणजे एक भाकरी आणि एक वाटी डाळ. दिवसभरासाठी. नातेवाइकांना हा छळ वाटेल. त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं.

उपाशी शरीर हळूहळू चरबीवर जगायला शिकतं. इन्शुलिन खाली येतं. पेशींमधले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे साठे संपत येतात. रक्ताच्या अहवालात मात्र सगळं ठीक दिसतं, कारण रक्तातली त्यांची पातळी शरीर शेवटपर्यंत राखतं. अशा माणसाला एकदम गोड शिरा, साखरेचं दूध, ग्लुकोजच्या बाटल्या दिल्या की इन्शुलिन उसळतं. ग्लुकोजपाठोपाठ रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियमही पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी काही तासांत कोसळते. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, साखर जाळण्यात संपून जातं. हृदयाचा ठोका चुकतो, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, अंगावर सूज येते. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर भुकेने खंगलेले जपानी युद्धकैदी फिलिपिन्समध्ये अन्न मिळू लागल्यावर दगावले, त्याचं वर्णन अमेरिकन डॉक्टरांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं. उपासमारीतून वाचलेली माणसं जेवणाने गेली.

म्हणून शहाण्या वॉर्डात क्रम ठरलेला असतो. जेवणाआधी थायमिन. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांची तपासणी आणि भरपाई. मग थोडंथोडं अन्न, रोज वाढवत चार ते सात दिवसांत पूर्ण गरजेपर्यंत. गरज काढायला सूत्र पुरतं. आज शरीराला किती झेपेल, हे मात्र रोज रुग्णापाशी जाऊनच ठरवावं लागतं. या प्रकरणाचं सार एवढंच आहे आणि ते सगळ्यांत स्पष्ट दिसतं लहान मुलांत.

दूध, साखर, तेल, कुरमुरे

नंदुरबार जिल्ह्यात अतितीव्र कुपोषित, म्हणजे 'सॅम' मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीवरच्या लाल भागात आला, किंवा दोन्ही पायांवर सूज असली, की अंगणवाडी सेविका सावध होते. भूक नसलेलं किंवा आजारी मूल केंद्रात दाखल होतं. आईची मजुरी बुडते म्हणून सरकार तिला काही रक्कम देतं. तरी घरी दुसरी लेकरं, शेतात काम, यामुळे चौदा दिवस काढणं तिला जड जातं.

इथल्या स्वयंपाकघरात दोन मिश्रणं बनतात. सुरुवातीचं मिश्रण: गाईचं दूध ३०० मिली, साखर १०० ग्रॅम, तेल २० ग्रॅम आणि पाणी घालून एक लिटर. १०० मिलीत सुमारे ७५ कॅलरी. त्यातली थोडी साखर कमी करून कुरमुऱ्यांचं पीठही घालतात. हे पातळ, फिकट, प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेलं दूध पाहून आजी हमखास कुरकुरते. सहा किलोच्या मुलाला दर किलोला १३० मिली, म्हणजे दिवसाला ७८० मिली. दर दोन तासांनी ६५ मिली, रात्रीसुद्धा. एकूण ५८५ कॅलरी. या टप्प्यात वजन वाढवायचं नसतं, सूज असेल तर ते उतरतंही. लोहाचं औषधही या टप्प्यात देत नाहीत, कारण संसर्गाशी झगडणाऱ्या मुलाला ते घातक ठरू शकतं.

मग दोन-चार दिवसांत मूल वाटीकडे हात करतं, संपल्यावर रडतं. इथे ही भूकच मोठी तपासणी. ती लागली आणि सूज उतरू लागली की दाट मिश्रण सुरू होतं, १०० मिलीत १०० कॅलरीचं. आता तेच सहा किलोचं मूल दिवसाला ९०० ते १,३०० कॅलरी रिचवतं. किलोमागे पाहिलं, तर खाटेवरच्या प्रौढाच्या पाच-सात पट. मूल तेच, वजन जवळजवळ तेच, गरजही पहिल्या दिवसापासून होतीच. बदललं ते शरीराचं झेपणं.

जमैकात १९५० च्या दशकात जॉन वॉटरलो यांच्या संशोधन केंद्रात आणि नंतर मायकेल गोल्डन यांच्या कामातून हे शहाणपण उभं राहिलं आणि भारत सरकारने २०११ च्या मार्गदर्शिकेत ते उतरवलं.

अतिदक्षता विभागाचा उशिरा आलेला धडा

नंदुरबारच्या कुपोषित मुलासाठी जे सत्य ठरलं, ते श्रीमंत देशांच्या अतिदक्षता विभागांना मोठ्या चाचण्यांतून नव्याने शिकावं लागलं. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०११ मध्ये, शिरेतून पूरक आहार लवकर दिलेल्यांपेक्षा आठवडाभर थांबलेले लवकर बरे झाले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०१८ साली सुमारे चार हजार रुग्णांत नळीवाटे जास्त कॅलरी दिल्याने जीव जास्त वाचले नाहीत. फ्रान्समध्ये २०२३ मध्ये यंत्रावर श्वास चालू असलेल्या तीन हजार रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या आठवड्यात दर किलोला फक्त सहा कॅलरी दिल्या, उरलेल्यांना पंचवीस. कमीवाले थोडे लवकर विभागाबाहेर पडण्याजोगे झाले. प्रथिनांचंही तसंच: दर किलोला २.२ ग्रॅमचा मारा १.२ ग्रॅमपेक्षा सरस ठरला नाही आणि मूत्रपिंड दुखावलेल्यांना तो अपायकारक ठरण्याची शक्यता दिसली.

याचा अर्थ गंभीर रुग्णाला उपाशी ठेवा, असा कोणी काढू नये. पोट चालत असेल तर ४८ तासांच्या आत नळीतून थोडं अन्न सुरू करायचं, पहिले काही दिवस हात आखडता ठेवायचा आणि आजाराचा भर ओसरला की वाढवत न्यायचं, असा आजचा रिवाज आहे. प्रथिनं साधारण दर किलोला १.२ ते १.३ ग्रॅमच्या आसपास. ३८ किलोला सुमारे ४६ ते ५० ग्रॅम. खरी भूक तर आयसीयूतून बाहेर आल्यावर लागते आणि नेमकं तेव्हाच नळी निघालेली असते, जेवणाकडे लक्ष द्यायला कोणी नसतं.

हिशेबात लपलेल्या कॅलरीही धराव्या लागतात. यंत्रावरच्या रुग्णाला झोपवायचं पांढरं दुधासारखं औषध प्रोपोफॉल तेलात मिसळलेलं असतं: प्रत्येक मिलीत १.१ कॅलरी. तासाला २० मिली चालू असेल तर दिवसाला पाचशेहून जास्त कॅलरी आहाराच्या नोंदीत न येताच शरीरात जातात.

ताटात उरलं किती?

क्षयरुग्णाचं पुढे काय? झारखंडमधल्या 'रेशन्स' नावाच्या अभ्यासात क्षयरुग्णांना शिधा दिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. आपल्या ३८ किलोवाल्यासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात येणारे दरमहाचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांचा हिशेब त्यांत बसवायचा असतो.

रुग्ण किती जेवला हे मोजायला यंत्र लागत नाही. युरोपात सुरू झालेल्या एका पाहणीत पंचवीस देशांतल्या सोळा हजारांहून जास्त रुग्णांच्या एका जेवणाची नोंद झाली. ज्यांनी ताटातलं पाव खाल्लं, त्यांचा मृत्यूचा धोका सगळं संपवणाऱ्यांच्या दुप्पट, आणि ज्यांनी काहीच खाल्लं नाही त्यांचा तिप्पट निघाला. काही अंशी जास्त आजारी माणूसच कमी खातो, हे उघड आहे. पण ताट किती उरलं, ही नोंद घ्यायला एक पेन पुरतो.

तेव्हा माणूस दाखल करताना नातेवाइकांनी तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात: आजारापूर्वी वजन किती होतं, किती दिवस धड जेवण नाही, आणि दारूचं व्यसन आहे का, कारण त्यात थायमिन आधीच आटलेलं असतं. दाखल झाल्यावर रोज ताटात किती उरलं ते सिस्टरना सांगावं. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी घरून डब्यात गोडधोड आणू नये, विचारून आणावं. आणि डॉक्टरांनी काढलेला आकडा आजच्यापुरता आहे, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावं. उद्या सकाळी ताप, लघवी, सूज, रक्ताचा अहवाल आणि भूक पाहून तो पुन्हा काढायचा असतो.